सुळ्यामागची चांदी

"चांदीच भरा," पुरुषोत्तम म्हणाले. तोंडात कापसाचे बोळे होते, त्यामुळे नुसतेच हुंकार ऐकू आले. डॉक्टर सुप्रीताने बोळे काढले आणि पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

सुप्रीता मूळची निपाणीची. बंगळूरला मल्लेश्वरममध्ये दवाखाना घातल्यापासून मराठी बोलणारा पेशंट आला की तिला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटायचं. तिने हौसेने सगळं समजावून सांगितलं. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट आहे, निळ्या दिव्याखाली घट्ट होतं. काचेचं सिमेंट आहे, थोडं नाजूक. सिरॅमिक आहे, एकदम राजेशाही. चांदी मात्र ती भरत नाही. तिच्यात पारा असतो, ते सामान ती दवाखान्यात ठेवतच नाही.

"कॉम्पोझिट घ्या काका. हसलात तरी कुणाला कळणार नाही."

"कळणारच नसेल तर हसून काय करू?"

मल्लेश्वरममध्ये त्यांच्या तोंडात आरसा घालून डोकावला नाही असा डेंटिस्ट आता उरला नव्हता. रस्त्यातल्या गायीसुद्धा त्यांना पाहून तोंड मिटून घेऊ लागल्या होत्या. सगळ्यांनी पांढरंच सांगितलं होतं.

"कारण तरी सांगा," सुप्रीता म्हणाली.

"त्या चांदीवर मला रेडिओ लागतो. जबडा डावीकडे सरकवला की धारवाड."

ती हसली. ते हसले नाहीत. मग तिने हातमोजे काढले आणि स्टूल ओढून बसली.

तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. कोडबळं, म्हणजे इकडचं कडक कडबोळं, खाताना जुनी चांदी निखळली आणि कोडबळ्याबरोबर पोटात गेली. त्यांच्या बायकोला, कस्तुरीला, गेली काही वर्षं काहीच आठवत नव्हतं. मुलगा आठवत नव्हता, घर आठवत नव्हतं, सकाळ आहे की संध्याकाळ हेही कळत नव्हतं. एवढं एकच शिल्लक होतं. लग्नानंतर पुरुषोत्तमांनी तिला थाप मारली होती, की मी गच्चीवर तोंड उघडं टाकून झोपलो होतो, चांदणी तुटली आणि सुळ्यामागे येऊन अडकली. तिने ती तेव्हाही खरी मानली नव्हती. पण आता रोज ताट समोर आलं की ती म्हणायची, "हसा बघू." ते हसायचे. सुळ्यामागे चकाकलं की म्हणायची, "आलात होय," आणि त्यांच्या हातून जेवायची. फक्त त्यांच्याच हातून.

चांदी गेली आणि ती त्यांना कॉफी विचारू लागली. बसा, म्हणायची, आमचे हे इतक्यात येतील. घास पुढे केला की संकोचून मागे सरायची. ह्यांच्याआधी मी जेवत नाही, म्हणायची. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जाऊ लागल्या होत्या.

सुप्रीताने चामराजपेटला आपल्या जुन्या सरांना फोन लावला. "योगीराज सर काही टाकून देत नाहीत," ती म्हणाली. "त्यांच्याकडे असेल."

होती. डॉक्टर योगीराजांनी कपाटाच्या तळातून डबी काढली आणि पुरुषोत्तमांकडे असं पाहिलं, जणू कुणी रिक्षा सोडून घोड्याचा टांगा मागितला आहे.

"तुमच्या वयाची माणसं चांदी काढून पांढरं भरायला येतात. तुम्हाला उलटी हौस."

"लग्न ठरतंय," पुरुषोत्तम म्हणाले.

"सरी, बरं. स्वल्प मोठं उघडा मग तोंड, नवरदेव."

चांदी भरली, पण ती राखेसारखी काळपट दिसत होती. आज त्या बाजूने चावू नका, योगीराज म्हणाले, उद्या या, घासून चमकवून देतो. पुरुषोत्तम दुसऱ्या दिवशी दवाखान्याचं शटर उघडायच्या आधीच पायरीवर बसले होते. योगीराजांनी चाक लावून दात असा घासला की आरशात बघताना पुरुषोत्तमांना स्वतःचेच डोळे बारीक करावे लागले. बाहेर रिक्षावाल्याने त्यांचं हसू पाहून उन्हाचा पडदा खाली ओढला. म्हणजे, पुरुषोत्तम पुढे हे असंच सांगणार होते. वाटेत त्यांनी गोष्ट रचूनही टाकली. कस्तुरी जेवली की तिलाच पहिली ऐकवायची.

दार गंगव्वाने उघडलं. ती कस्तुरीला सांभाळायची. "कालपासून पाणीच घेतात नुसतं, अण्णा," ती कुजबुजली.

कस्तुरी खिडकीशी बसली होती. पुरुषोत्तमांनी चपलाही काढल्या नाहीत. तिच्यासमोर गुडघे टेकून ते हसले, या कानापासून त्या कानापर्यंत.

ती वाकली. तिने बोट पुढे करून दाताला लावलं. चेहरा असा उजळला की दारातल्या गंगव्वाने पदर डोळ्यांना लावला आणि ताट वाढायला धावली.

"ओळखलंस?" बोटामुळे पुरुषोत्तमांचा शब्द बोबडा झाला.

"ओळखलं तर," कस्तुरी म्हणाली. मग तिची नजर दातावरून वर सरकली. गालावर आली, नाकावर आली, डोळ्यांशी येऊन थांबली. तिने बोट हळूच काढून घेतलं, पदराला पुसलं आणि खुर्ची मागे रेटली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता.

"हा दात आमच्या ह्यांचा आहे. तुम्ही त्यांचं काय केलंत?"