आज विनवणी नाही

गेर्शोनने सवयीने डोकं उजव्या हातावर टेकवलं आणि मागून टेबलावर थाप पडली.

"आज नाही, आज नाही," प्रार्थनाघराचा कारभारी म्हणाला. "अहो, यरुशलेम दिन ना आज. विनवणीला सुट्टी."

लोक हसले. रोज सकाळी इथवर आलं की हातावर डोकं टेकून देवाची करुणा भाकायची, आणि सणावाराला ती गाळून स्तुतिगीतं म्हणायची. हे पोराटोरांनाही ठाऊक. पण गेर्शोनचं चित्त ठिकाणावर नव्हतं. आज त्याच्या थोरल्या भावाची पुण्यतिथी, म्हणून प्रार्थना चालवायचा मान त्याचा. लढाईत यरुशलेमचं जुनं शहर हाती आलं त्या दिवसाचा हा सण, आणि त्याच दिवशी भाऊ गेला, दमास्कस दरवाज्याच्या जरा अलीकडे. चांगलाच मान म्हणायचा! भाऊ मेला त्या दिवशी गळा काढायचा नाही, गळा मोकळा सोडून गायचं.

गायला त्याची ना नव्हती. त्या शहरावर त्याचा जीव होता. तिथल्या पवित्र जुन्या भिंतीला पहिल्यांदा हात लागला तेव्हा तो ढसाढसा रडला होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

त्याचा मुलगा पुढे आला. काकाचंच नाव ठेवलेलं त्याला, अम्नोन. अंगात पांढरा सदरा. दुपारी आपल्या पाठशाळेतले चाळीस विद्यार्थी घेऊन त्याला झेंड्यांच्या मिरवणुकीत जायचं होतं.

"अबा, सुरू करा. लोक खोळंबलेत."

"करतो. आधी कबूल कर, पोरांना दमास्कस दरवाज्यानं नाही, याफा दरवाज्यानं नेशील."

"तिकडनं बायका जातात."

"मग बायकांच्या मागनं जा. गेल्या वर्षी तुझ्या पोरांनी अरबांच्या गल्लीत बंद दारांवर लाथा घातल्या. आत माणसं होती रे. लेकरं होती."

"आनंदाच्या भरात होतं थोडं इकडंतिकडं. अन् काका दमास्कस दरवाज्यासाठीच गेले ना?"

"कशासाठी गेला ते तो मला सांगून गेला नाही. वीस वर्षांचा होता. घरी यायचं होतं त्याला."

अम्नोनने बापाच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने, आणि स्वतःच सूर लावला. चाल मिरवणुकीतली होती. गेर्शोनला उत्तर मिळालं.

साठ माणसांनी सुरात सूर मिळवला. टाळ्या सुरू झाल्या. बाकं सरकवून रिंगण झालं आणि कुणीतरी म्हाताऱ्याला हाताला धरून त्यात ओढलं.

तोंड मिटून उभं राहायचं त्याने ठरवलं होतं. पण चाल मेली गोड होती, शब्द जन्माचे पाठ. बघता बघता तो गाऊ लागला, मुलापेक्षाही मोठ्याने, आणि काही केल्या त्याला थांबता येईना.