घेतला वसा

पोलीस चौकीच्या आवारात आमची गाडी धुळीने माखून उभी होती. पिऊन चालवताना ह्यांना पकडलं, तेव्हापासून ती तिथेच होती. गाडी माझ्या नावावर, म्हणून कोर्टाचा कागद पाहून हवालदारांनी किल्ली माझ्याच हातात दिली.

ह्यांनी लगेच हात पुढे केला. "आण इकडे."

देवळातून येताना पुडीत बांधून आणलेल्या अक्षता मी त्या हातावर ठेवल्या. "आधी वसा घ्या. म्हणा, उतणार नाही, मातणार नाही..."

"अगं, इथे? लोक बघतायत!"

"पकडलं तेव्हाही बघतच होते," मी हळूच म्हटलं.

ह्यांनी डोळे मिटले. "उतणार नाही, मातणार नाही, घेतली..."

"घेतला म्हणा, काका, घेतला!" मागून हवालदार ओरडले. "घेतली म्हणून तर इथे आलात!"

'घेतला वसा टाकणार नाही' एकदाचं नीट म्हणून झालं. अक्षतांची मूठ घट्ट आवळून ह्यांनी चाचरत विचारलं, "आणि ह्या व्रताचं उद्यापन कधी?"

"मी गाडी विकीन त्या दिवशी," असं म्हणून मी किल्ली दिली.