पहिला नंबर

"म्हणजे त्याने तुम्हाला फोन केला," आई म्हणाली. "मला नाही."

लॉंड्रीवाल्या काकूंनी हातातलं बिस्कीट बशीत परत ठेवलं. शाळेच्या समुपदेशक बाई, पोलीस बाई, दवाखान्यातल्या सिस्टर, तिघी एकदम आपापल्या कागदांत डोकं घालून बसल्या. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर बुधवारी ही बैठक भरायची. हाणामारीत ओढल्या जाणाऱ्या मुलांना चौघींनी मिळून सांभाळायचं, असं ठरलेलं; काकू अशा पोरांना दुकानात कामाला घ्यायच्या. आज पाळी आईच्या सोळा वर्षांच्या पोराची होती. तो मान खाली घालून बसला होता. अंगातल्या शर्टाच्या बाहीला अशी कडक इस्त्री, की बोट कापावं.

घरची इस्त्री तशी धार कधीच काढत नसे. आईने ते खोलीत शिरतानाच पाहिलं होतं.

"मी घरीच होते," ती म्हणाली. "फोन हातात होता. फुल चार्ज."

"झालं ते चांगलंच झालं ना," असं म्हणत पोलीस बाई शुक्रवारची हकिकत पुन्हा सांगायला लागल्या, जणू आईने ती चार वेळा ऐकलीच नव्हती. मैदानामागे दोन टोळकी जमलेली. याच्या दप्तरात चाकू. निघावं तर सगळ्यांसमोर भित्रा ठरणार. सायकल स्टँडच्या आड जाऊन याने हळूच एक फोन केला. सात मिनिटांत काकू स्कूटरवर हजर, मागे कपड्यांचं गाठोडं तसंच बांधलेलं. थेट घोळक्यात शिरल्या आणि करवादल्या, "अरे ए, तिकडे चाळीस चादरी ओल्या पडल्यात आणि तू इथे गप्पा हाणतोस?" पोरं हसली. हा बोलणी खात गाठोड्यावर बसला आणि सुटला.

"अर्ध्या तासाने त्यातलाच एक आमच्याकडे आला," सिस्टर म्हणाल्या. "पोटात वार. अजून आयसीयूत आहे."

आईच्या डोक्यात मात्र ती सात मिनिटंच अडकली होती.

"मी पाचात पोचले असते," ती म्हणाली. "आमचं घर जवळ आहे."

"आणि सगळ्यांसमोर रडली असतीस," तिची लेक म्हणाली. नववीतली, शाळेतून परस्पर आलेली, मांडीवर दप्तर. "खरं सांगू, आई? तू फोनवर आधी ओरडतेस, मग हॅलो म्हणतेस."

"तू गप बस."

"बसलेच आहे."

पोराच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. आई काकूंकडे वळली.

"दुकान किती वाजता बंद करता?"

"आठला."

"मग साडेआठला काही झालं तर?"

"शटर खाली असलं तरी मी आतच असते की. मोठ्या चादरींच्या घड्या राहतात. एकटीला आवरत नाहीत त्या."

"मी धरतो ना दुसरं टोक," पोरगा म्हणाला. बैठक सुरू झाल्यापासून त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

आई त्याच्याकडे बघतच राहिली. घरात हा स्वतःचं ताट उचलत नव्हता. चार महिन्यांपूर्वी या बाईचा घरात पत्ता नव्हता, आणि आता जेवताना काकू म्हणाल्या, अभ्यास करताना काकू म्हणाल्या. आमटीत मीठ कमी पडलं तरी काकू किती घालतात ते कळायचं.

"बाळा, पाणी पी थोडं," काकू म्हणाल्या. त्याने मुकाट्याने ग्लास उचलला.

आईने गेल्या वर्षी एकदाच बाळा म्हटलं होतं. दार असं आपटलं होतं त्याने, की भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं.

समुपदेशक बाईंनी एक पिवळं कार्ड पुढे सरकवलं. पाकिटात मावेल एवढं. "यावर तीन नंबर लिहायचे. पुन्हा तशी वेळ आली तर पहिला फोन पहिल्या नंबरला. घरच्यांनी सांगायचे, घरच्यांनी सही करायची. पहिला सहसा आईचाच असतो." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "फक्त तो खरंच लावेल असा हवा. नाहीतर कार्ड खिशातच राहतं."

"आईचाच लिहा," काकू घाईघाईने म्हणाल्या. "मी काय, चार दिवसांची ओळख."

एवढंच बाकी होतं. आपलीच जागा आता हिने आपल्याला द्यायची. आईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तिने पोराकडे पाहिलं. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही, ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. ही गप्प बसण्याची तऱ्हा तिला पुरती माहीत होती. उद्या सायकल स्टँडच्या आड उभा राहून तो कार्डावरचा पहिला नंबर बघेल आणि असाच गप्प राहील.

"लिहा," आई म्हणाली आणि आकडे सांगायला लागली. मोबाइल न बघता, एकेक, सावकाश. सहाव्या आकड्याला लेकीने मान वर केली. आठव्याला काकूंनी.

"अहो, हा माझा नंबर आहे," काकू म्हणाल्या. "तुम्हाला पाठ कसा?"

"आई, तू माझा फोन बघतेस?" पोराने विचारलं.

"रोज," आई म्हणाली. तिने पेन ओढून घेतलं, दुसऱ्या ओळीत स्वतःचा नंबर लिहिला आणि खाली सही ठोकली. मग काकूंकडे न बघताच बोलली.

"आंघोळीला जातानासुद्धा फोन बाहेर ठेवायचा नाही. मी ठेवत नाही."