भिंगावरचं कुंकू

संगणकदृष्टीतल्या, म्हणजे यंत्राला बघायला शिकवण्याच्या, संशोधनाची शिष्यवृत्ती आता कॅमेराच ठरवी. उमेदवाराच्या चेहऱ्यावरची लाली मोजून त्याला अभ्यासाची हौस किती, ते सांगे. परवा खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा झाली आणि आज सगळ्यांनाच अठ्ठ्याण्णव गुण पडले.

"पिढी सुधारली हो!" मुलाखती घेणारे खांबेटे सर खूश.

शेवटची उमेदवार देवयानी गुरव, तिलाही अठ्ठ्याण्णवच. जागा एक.

"सर, भिंगावर कुंकू लागलंय."

"पुसशील तर तुझेही गुण जातील, बाई."

तिनं ओढणीनं पुसलंच. आकडा एकसष्टवर घसरला.

"म्हणजे याला कुंकू आणि लाली यातला फरकच कळत नाही! सर, मला हेच शोधायचंय! आधी त्वचेखालचं रक्त..."

ती बोलत सुटली. आकडा शंभरावर पोचला, तेव्हा तिचं तिकडे लक्षही नव्हतं.