केबल लूज होती

"काका, तुमच्या केबलीनं पाचव्यांदा मशीन हँग केली. परत झालं तर लॅबला दुसरा माणूस बघतो," ओजससाहेब खेकसला.

मी गॅरेज सोडून बारा वर्षं इथं लॅबात कॉम्प्युटरला डिस्का जोडतोय, केबल माझ्या हातून सैल राहत नाही. म्हणून त्याच्या मागं उभा राहून स्क्रीन बघितला. गडी डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क चालवणारा प्रोग्राम, टेस्ट करत होता. चढवताना बरोबर, आधी ड्रायव्हर, मग डिस्क. उतरवताना मात्र डिस्क चालू असतानाच खालचा ड्रायव्हर जबरदस्तीनं उपसत होता.

"साहेब, चाक बसवायच्या आधी जॅक काढता होय? उतरवताना उलटं जा. आधी डिस्क सोडवा, मग ड्रायव्हर."

त्यानं तोंड वाकडं केलं, पण प्रोग्रामच्या दोन ओळी खालीवर करून टेस्ट परत चालवली. मशीन एकदाही हँग झाली नाही. नोकरी वाचली म्हणून मी खुशीत त्याला चहा आणायला गेलो.

परतलो तर गडी मोठ्या साहेबांना फोनवर सांगत होता, "काही नाही सर, काकांची केबल लूज होती. मी नीट बसवली."

थूत्! चहा बेसिनात ओतला आणि त्याच्यापुढं रिकामा कप ठेवला.