दहा हजारांवर एक

"शंभर रांगा, रांगेत शंभर. आणि वरचा एक पुढं, मधोमध, मोकळा," राजेंद्र म्हणाला. "तो सीताकाकींनी लावायचा. बौद्धवाडीचा मान!"

टाळ्या पडल्या. गावच्या शाळेची शंभरी, आरे-वारेच्या वाळूवर करवंट्यांचे दहा हजार एक दिवे, वरून ड्रोननं फोटो. मुंबईहून आलेल्या अध्यक्षाला, राजेंद्रला, शोभेल असाच सगळा थाट! नुसते दहा हजार कसे लावणार? शुभकार्याला वरचा एक हवाच.

सीताकाकी हसल्या नाहीत. लेक राही त्याच शाळेत गणित शिकवते. तिच्याकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "चौथीपर्यंत पडवीत येकटीच बसवली मला. आता दिवापन येकटाच काय गो?"

राहीला राग आला, पण माणूस मान देतोय, त्याच्यावर रागावणार तरी कसं? तिनं मोबाइल काढला. दहा हजार एकला निःशेष भाग जाईल असा एखादा आकडा सापडला, तर सगळे दिवे सारख्या रांगांत बसतील. बाहेर कुणी उरणार नाही.

सातानं भागलं. नाही. अकरा, तेरा, सतरा. दशांशचिन्हापुढं आकड्यांची नुसती शेपटं! शंभराच्या आत कुणी भेटलं नाही, तर पुढं कुणी भेटायचंच नाही, हे ती दरवर्षी मुलांना शिकवायची. आज तिला त्याचीच धास्ती वाटत होती.

"मॅडम, रांगांच्या दोऱ्या ताणून झाल्या. भरती लागलीय. मोबाइल काय घेऊन बसलात?" राजेंद्रनं विचारलं.

"थांबा जरा."

तिला बसवेना, उभं राहवेना. एकेचाळीस. त्रेपन्न. एकसष्ट. सूर्य खाली चालला होता. एकाहत्तरानंही नाही. घामेजल्या बोटानं पुढचा आकडा चुकला, तो पुसून तिनं पुन्हा टाकला.

एकशे सदतीस. पूर्ण उत्तर, पुढं शेपूट नाही.

"त्र्याहत्तर रांगा!" ती ओरडलीच. "रांगेत एकशे सदतीस. एकही वेगळा ठेवावा लागत नाही, दादा. सोडा त्या दोऱ्या."

"आता? अहो, वेड लागलंय का? आणि मानाचा दिवा?"

"आईला मान नको. रांगेत जागा हवीय."

राजेंद्रनं सीताकाकींकडे बघितलं. काकींनी नजर वळवली नाही.

"लाटेनं रांग नेली तर जबाबदारी तुमची," असं पुटपुटत तो दोरीची गाठ सोडायला वाकला.

लाट अगदी कडेपर्यंत आली, पण दिवे लागले. फोटो आला तशी सगळ्यांनी मोबाइलभोवती गर्दी केली. सीताकाकींनी आधी दिव्यांपुढची मोकळी वाळूच निरखली. मग रांगांवरून बोट फिरवलं.

"यातला माझा कंचा गो?"

"आता कोण ओळखणार, आई!"

काकींनी मोबाइल आणखी जवळ घेतला.

"नक्की? कुनालाच नाय ना वळखायचा?"