रोलरवरचं कुंकू

भट्टीतून निघालेल्या निकेलच्या पट्टीवर काळे डाग होते. तिच्यावर अतिवाहकाचा, म्हणजे सुपरकंडक्टरचा, थर चढवायला पट्टीतले सगळे स्फटिक एकाच दिशेला हवेत. डागांखाली ते वेडेवाकडे वाढले होते. पट्टी वाया गेली होती.

“तपासणीत कुंकू निघालंय,” संचालकबाई म्हणाल्या. “मेस्त्री, खंडेनवमीची पूजा तुम्हीच करता ना?”

पट्टी लाटणारे बाबल मेस्त्री कंत्राटावर होते. “मी मशीनच्या पायाशी करतो, बाई. रोलरला बोट लावत नाही.”

“मग कुंकू काय चालत गेलं?”

ते मी लावलं होतं. या पट्टीची गणितं मांडणारा शास्त्रज्ञ मी, पण माझ्या गणितांवर माझाच विश्वास नसतो; खंडेनवमीला सगळे गेल्यावर मी पट्टी दाबणाऱ्या आरशासारख्या रोलरला चिमूटभर कुंकू वाहिलं. टोपी न्यायला परतलेल्या मेस्त्रींनी ते पाहिलं होतं.

आता ते माझ्याकडे बघत होते. मी वहीची पानं उलटत राहिलो.

“चुकलं, बाई,” ते अखेर म्हणाले.

त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. निघताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. मला वाटलं, आता बोलतील.

“साहेब, नव्या माणसाला सांगा,” ते म्हणाले, “रोलर आधी पुसून घ्यायचे.”